बलभीमची रस्त्याकडची भिंत

सोलापुराकडनं हैदराबादच्या दिशेनं निघालं की जळकोट सरता सरता डाव्या हाताला एक मोर दिसतो. दोन पुरुष उंच. अंग निळं, गळा हिरवा, आणि पिसाऱ्यातला एकेक डोळा रेडियमचा. अंधारात गाडीचा उजेड पडला की सगळे डोळे एकदम उघडतात. मोराच्या पायाशी कमळं, कमळांच्या मधी गाय-वासरू, वरच्या कडेनं ओळीनं काळे गोंडे, खिडकीला लाल-पिवळे पट्टे, आणि दाराच्या डोक्यावर घासून लखलखीत केलेला पितळी भोंगा. कोणाही शहाण्या माणसाला हा ढाबा वाटावा. बलभीम कदमाचं ते राहतं घर आहे.

बलभीमनं उभी जिंदगी ट्रक चालवला, पण दुसऱ्याचा. मालक सोलापूरचा, स्वभावानं कोरडा. त्याच्या सगळ्या गाड्या नुसत्या तपकिरी. ना फूल, ना गोंडा, मागच्या फाळक्यावर नंबर सोडला तर अक्षर नाही. बाकीचे ड्रायव्हर ढाब्यावर गाडी लावली की आधी तिला फडकं मारायचे, कोणी समोरच्या काचेवर झेंडूची माळ बदलायचा. बलभीम बाजेवर बसून ते बघत बसायचा. आपली गाडी म्हणजे चाकं लावलेली पेटी, असं त्याला वाटायचं. एकदा त्यानं मालकाला भीत भीत विचारलं, एक लहानसं कमळ काढू का म्हणून. मालक म्हणाला, "कमळानं ॲव्हरेज वाढतंय का?"

गुडघे गेले, गाडी सुटली, आणि त्याच सुमारास रस्ता रुंद झाला. कदमाच्या घराचं दार गल्लीकडं, गावाकडं. मागची बाजू म्हणजे परसू आणि उकिरडा. रुंदीकरणात उकिरडा गेला, परसू अर्धं उरलं आणि घराची पाठ एकदम हमरस्त्यावर आली. कोरी, लांबलचक भिंत. लोकांना त्यात धूळ आणि कर्कश आवाज दिसले, बलभीमला फाळका दिसला.

तो उमरग्याला गेला आणि गुंडप्पाला घेऊन आला. गुंडप्पा ट्रकच्या बॉड्या रंगवणारा. घर त्यानं आयुष्यात रंगवलं नव्हतं. भिंतीसमोर उभं राहून त्यानं बराच वेळ विडी ओढली आणि म्हणाला, "बॉडी मोठी हाय ओ. पासिंगला कदी न्यायची?" मग लागला कामाला. सवयीचा हात, त्यानं सवयीनं सगळं केलं. कोपऱ्यात लिंबू-मिरची आणि जुना बूट टांगला, आणि खाली ठळक अक्षरात 'पुन्हा भेटू' लिहून मोकळा झाला. बलभीम तिथंच खुर्ची टाकून बसला होता. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्याच्या बायकोला, तुळजाबाईला, दिसलं. "गाडी सुटली म्हणून म्या देवीची ओटी भरली," ती म्हणाली, "तर तुमी गाडीच आणून भिंतीला टेकवली."

"आगं, जरा लांबून तर बघ."

"लांबूनच बघत आले की इतकी वरसं."

ती भांडली नाही. तिनं वाटणी केली. रस्त्याकडची बाजू त्याची, गल्लीकडची तिची. गल्लीकडं तिनं चुन्यात नीळ टाकून भिंती अशा पांढऱ्याशिप्पट केल्या की दुपारचं बघवू नये. निळं दार, तुळशीला गेरू, उंबऱ्याला हळदीची बोटं, बस्स. मधी स्वयंपाकघर. त्याला दोन दारं होती, त्या दोन दारांवर हा संसार चालला होता.

चालला असताही, पण गाड्या थांबायला लागल्या. कोणी हातपाय धुऊन सरळ मोराखालच्या बाजेवर बसायचं. "मालक, काय गरम हाय?" बलभीम चवताळायचा. म्हणायचा, "ढाबा न्हाय, घर हाय हे." समोरचा खजील होऊन उठायचा, तेवढ्यात आतनं तुळजाबाईचा आवाज यायचा, "आता बसल्यात तर बसू द्या." दारात आलेल्याला उपाशी पाठवायची रीत तिच्या माहेरी नव्हती. ती शिव्या मोटारवाल्याला न देता नवऱ्याला द्यायची आणि तव्यावर धपाटं टाकायची. खाणारा खाऊन खिशात हात घालायचा, आणि हा क्षण मात्र बलभीमला फार आवडायचा. तो हात मागं बांधून, मोराकडं एकवार बघून म्हणायचा, "पैशे न्हाय घेत. घर हाय हे."

शिवांजली, त्यांची थोरली, बी. एस्सी. झाली. पहिलं स्थळ तुळजापूरच्या बाजूचं आलं. पाहुणे भिंत बघून गेले आणि निरोप आला, पोरगी लाखात एक आहे, पण सोयरीक घराशी करायची असती, ढाब्याशी नव्हं.

तुळजाबाईनं त्या दिवशी आवाज चढवला नाही. चुन्याची फक्की आणली, परसातल्या पत्र्याच्या टिपात भिजत घातली, वर झाकण ठेवलं. "आता मुरुमचं स्थळ यायलंय. हे जर ह्या मोरापायी मोडलं, तर दुसऱ्या दिशी म्या माझ्या हातानं ह्याला चुना फासणार. तुमी मधी यायचं न्हाय."

"आन् न्हाय मोडलं तर?"

"तर बसा त्याच्या पायाशी."

बलभीम हो म्हणाला. टिपाकडं मात्र त्यानं दिवसभर बघितलं नाही.

मधे पडलेला भीमाशंकर सगळ्यांचा जुना सोयरा. त्यानंच बेत आखला. पाहुणे मुरुमहून येतील, तो मारुतीच्या देवळापाशी उभा राहील, गल्लीनं घेऊन येईल, गल्लीनंच परत नेईल. स्वयंपाकघराचं पलीकडचं दार लावून टाकायचं. घराला रस्त्याकडं पण तोंड आहे हे त्यांना कळायचं कारणच नाही.

ठरल्या दिवशी सकाळी बलभीम बनियनवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून भोंगा घासत होता. नवा सदरा आत खुंटीला होता. पाहुण्यांना अजून वेळ होता. एक पांढरी गाडी रस्ता सोडून खाली आली, थांबली. पुढनं एक जाडजूड गृहस्थ उतरले, मागनं त्यांची बायको आणि एक तरणा मुलगा. गृहस्थांनी बाजेवर बूड टेकलं.

"मालक, काय गरम हाय?"

बलभीमनं तोंड उघडलं, पण आतनं सवयीचा आवाज आला, "बसू द्या, धपाटे तव्यावरच हायत." तो गप पाणी आणायला गेला.

"खाऊन घ्या पोटभर," गृहस्थ बायकोला म्हणाले. "पोरीच्या घरी पोहे आले की दोन घास खाऊन बशी सरकवायची असती. भुकेनं खाल्लं तर म्हणत्यात, हावरं खानदान हाय."

"हळू बोला की," बायको म्हणाली.

"इथं कोण हाय ऐकायला?"

पाण्याचा तांब्या धरलेला बलभीम तिथंच थबकला. मुलाकडं बघितलं. फोटोत बघितलेला तोच, फक्त फोटोत डोक्याला तेल जास्त होतं. रणधीर. म्हणजे हे मुरुमचे आडते कृष्णराज, आणि ही तारामतीबाई. होणारे व्याही बाजेवर बसून कांदा फोडत होते.

धपाटे आले, शेंगाची चटणी आली, दही आलं. कृष्णराजनी तिसरं मागितलं, चौथं मागितलं, आणि मग पोटाला आधार मिळाल्यावर वर बघितलं.

"वा. ढाबा असावा तर असा. काय मोर हाय हो. रणधीर, फोटो काढ गा. कोणी काढला मालक?"

"उमरग्याचा हाय," बलभीम म्हणाला. छाती फुगायला लागली होती. "गुंडप्पा म्हणून."

"निवडला कोणी हा रंग? पेंटरला न्हाय सुचणार हे."

"म्याच."

"नजर हाय तुमाला. म्हंजे बगा, गळ्याला हिरवा, आन् लगीच निळा. दुसऱ्यानं भडक केला असता." एवढ्या नेटानं बलभीमच्या मोराकडं आजवर कोणी बघितलं नव्हतं. त्याला वाटलं, सांगून टाकावं. व्याही, हे तुमचंच घर समजा म्हणावं.

"ढाब्याला शोभतं," कृष्णराज बोटं चाटत म्हणाले. "घराला असलं कोणी केलं तर मात्र आमी उंबरा चढणार न्हाय. घर कसं पांढरं, शांत पायजे. बरं, इथं बलभीम कदम कुठं राहत्यात? ट्रक चालवायचे."

स्वयंपाकघरातला तव्याचा आवाज थांबला.

बलभीमला परसातलं टीप दिसलं. "पुढच्या फाट्यावरनं आत वळा," तो म्हणाला. "मारुतीचं देऊळ लागंल. तिथनं विचारा. निळं दार."

कृष्णराज उठले, खिशात हात घातला, एक नोट चार घड्या करून पुढं केली. चटणीच्या तेलाचा अंगठा तिच्यावर स्पष्ट उमटला होता. बलभीमचे हात आपोआप मागं गेले. मग पुढं आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या बाजेवरच्या खाण्याचे पैसे घेतले.

गाडी फाट्याकडं गेली आणि घरात धावपळ उडाली. बलभीमनं तोंड धुतलं, सदरा चढवला, टोपी घातली. तुळजाबाईनं पलीकडच्या दाराला कडी लावली. "ह्या गालभर मिशीचं काय करायचं? लगीच वळखतील की," ती म्हणाली. खरोखरच काही करता येण्यासारखं नव्हतं.

भीमाशंकर पाहुण्यांना घेऊन आला. पांढऱ्या भिंती, निळं दार, सारवलेलं अंगण. "हे घर," कृष्णराज आत येत म्हणाले, "ह्याला म्हणत्यात घर." मग त्यांनी बलभीमकडं बघितलं, आणि अंमळ जास्तच वेळ बघितलं.

"आपल्याला कुठंतरी बघितल्यावानी वाटायलंय."

"ट्रकवर व्हतो," बलभीम म्हणाला. "सगळ्या मुलखानं बघितलंय आमाला."

"व्हय, व्हय," कृष्णराज म्हणाले आणि स्वतःच्या पायांकडं बघू लागले.

पोहे आले. तुळजाबाईनं बशी शिगोशीग भरली होती. "घ्या की. रस्त्यात काय खाल्लं नसंल तुमी."

"न्हाय, न्हाय. सकाळधरनं पाण्याचा थेंब न्हाय," कृष्णराज म्हणाले, आणि पहिला घास त्यांनी असा गिळला की बघणाऱ्याला दया यावी.

"मग आणिक घ्या. लाजू नका."

बलभीमला बायकोचं हे रूप नवीन होतं. ती वाढत राहिली आणि कृष्णराज घामाघूम होत खात राहिले. सांगावं तर दोघांची पंचाईत. ह्यानं घर लपवलं होतं, त्यानं भूक.

शिवांजली आणि रणधीरला बोलायला गच्चीवर पाठवलं. गच्चीवरनं घराच्या दोन्ही बाजू दिसतात, हे बलभीमच्या ध्यानात ती दोघं जिना चढून गेल्यावर आलं. वर थोडा वेळ काही ऐकू येईना. मग एकदम पोराचं हसू ऐकू आलं, पाठोपाठ पोरीचं, आणि मग दोघांनीही ते दाबलं. खाली आली तेव्हा दोघं कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. मोठी माणसं म्हणाली, लाजलीत.

निघताना पोराच्या हातावर नारळ आणि काही ठेवायची रीत. "नोट द्या," तुळजाबाई कुजबुजली. बलभीमनं गडबडीत विजारीच्या खिशात हात घातला, हाताला आली ती दिली. तिनं ती नारळावर ठेवून रणधीरच्या हातात दिली. चार घड्यांची, तेलाचा अंगठा उमटलेली.

कृष्णराजनी नोट ओळखली. बलभीमनं त्यांना ती ओळखताना बघितलं. दोघांनीही नजर अंगणातल्या तुळशीकडं वळवली.

"येतो," कृष्णराज म्हणाले.

"या," बलभीम म्हणाला.

उंबऱ्यात तुळजाबाई कुंकू लावत असताना तारामतीबाई हळूच म्हणाल्या, "धपाट्यात ओवा जरा जास्त टाकता, न्हाय का तुमी?"

"ह्यांना तसंच आवडतंय," तुळजाबाई म्हणाली.

दोन दिवसांनी भीमाशंकर पेढे घेऊन आला. सोयरीक पक्की. घर लई पसंत पडलं म्हणे, पोरगी तर पडलीच. "आन् कृष्णराजचा एक निरोप हाय. साखरपुड्याला जेवण त्या हमरस्त्यावरच्या मोरवाल्या ढाब्याचं सांगा. पन्नासदा म्हणालेत. मालकाला भेटायला म्या स्वतः येतो म्हणालेत."

"त्यांना ठाव हाय की सगळं," बलभीम म्हणाला.

"त्यांना ठाव हाय हे तुमाला ठाव हाय," भीमाशंकर म्हणाला. "पर भाऊबंदाला कुठं ठाव हाय? मोराचा फोटो बघून, ढाब्याचं कवतिक ऐकून बसलेत ते. चारचौघांत त्यांनी कसं म्हणावं, व्याह्याच्याच दारात पैशे देऊन जेवलो? तवा आता तो ढाबा पायजे. निदान लगीन होस्तोवर."

तुळजाबाईनं शब्द पाळला. टिपातला चुना तिनं गल्लीकडच्या भिंतींना आणखी एक हात द्यायला वापरला. मोराला कोणी बोट लावलं नाही. फक्त गुंडप्पा परत आला, आणि मोराच्या पायाशी, कमळांच्या वर जागा काढून त्यानं मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'ढाबा' असं लिहिलं. अक्षरांना लाल सावली दिली. बलभीम खुर्ची टाकून बसला होता. रंगसंगतीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

लग्न होऊन आता वर्ष उलटलंय. पाटी तशीच आहे, कारण कृष्णराजचे कोणी ना कोणी पाहुणे हमेशा त्या रस्त्यानं जात असतात आणि मुद्दाम थांबतात. गाड्या वाढल्यात. रणधीरनं मुरुमला नवं घर बांधलंय, बाहेरनं पांढरंच, पण आतल्या खोलीत शिवांजलीनं गुंडप्पाकडनं मोर काढून घेतलाय. व्याह्यांना तो फार आवडतो. ढाब्यावरनं उचललाय, असं ते कौतुकानं सांगतात.

ढाब्यामागं घर आहे हे पाहुण्यांना दिसू नये म्हणून स्वयंपाकघराचं रस्त्याकडचं दार लावलेलं असतं. ताट खिडकीतनं बाहेर येतं. कोणी खाऊन उठलं, खिशात हात घातला की बलभीमचे हात अजून मागं जातात, वाक्य ओठापर्यंत येतं. तो मोराकडं बघतो आणि पैसे घेतो.

जेवणाची वेळ झाली की तो गल्ल्यावर टॉवेल टाकतो. गिऱ्हाइकांना म्हणतो, "बसा, जरा घरी जाऊन येतो." आणि भिंतीला वळसा घालून, फाट्यावरनं, मारुतीच्या देवळावरनं, दुखऱ्या गुडघ्यांनी गल्लीत शिरून निळ्या दारानं घरी जातो.