बाबांची ‘डि.री.’

बाबा वारले तेव्हा मी अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं मोजत होतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आईला अकोल्याहून माझ्याकडे आणलं. सोबत बाबांचा फोटो आणि त्यांची वही आली. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्तीचे पैसे त्यांनी म्युच्युअल फंडात ठेवले होते आणि त्यांचा हिशेब या वहीत. मी ती वही संगणकावर, घरहिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवायला घेतली. (रडण्यापेक्षा टंकलेखन मला बरं जमतं.)

वहीत दर काही महिन्यांनी ‘डि.री.’ अशी नोंद आणि पुढे रक्कम. डि. म्हणजे डिव्हिडंड, लाभांश. एवढं मला कळलं. ‘री.’ तर मी अठ्ठावीस वर्षं रोज लिहितो आहे. आमच्या रजिस्टरात री. म्हणजे रिटर्न: पुस्तक परत आलं, ताब्यात मिळालं. म्हणजे बाबांना पैसे मिळाले! सॉफ्टवेअरने विचारलं, कोणत्या खात्यात जमा करू? पासबुकात तर ते नव्हते. मी ‘घरातली रोख’ निवडलं. नऊ वर्षांच्या नोंदी संपल्या तेव्हा पडद्यावर आलं: घरातली रोख, त्रेसष्ट हजार चारशे.

ते मी आईला वाचून दाखवलं. ही माझी दुसरी चूक.

“कोनाच्या घरातली?”

“आपल्या. अकोल्याच्या.”

आई फोटोकडे वळली. “नऊ वर्सं मी म्हनून राहिली, एकडाव सेमाडोहले न्या, वाघ पाहू. तर म्हने पैसे नाही. अन् तुमच्यापाशी त्रेसष्ट हजार होते?”

तिने फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्याच्यासमोर लावायची संध्याकाळची मेणबत्तीही बंद झाली.

“आई, असं नको ना करू.”

“तू गप. खोटं बोलनाऱ्या मानसासमोर मी मेनबत्ती लावत नसते.”

मी अकोल्याला बहिणीला, सुजाताला, फोन लावला. ती शाळेत गणित शिकवते.

“दादा, बाबा भाजीवाल्याकडून सुटे दोन रुपये मागून घेत. ते एवढे पैसे घरात ठेवतीन?”

“सॉफ्टवेअर दाखवून राहिलं ना.”

“सॉफ्टवेअरले कोनं सांगतलं?”

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाच सुचायला हवं होतं. त्याऐवजी रविवारी मी आईला घेऊन अकोल्याला गेलो. आम्ही तिघांनी गव्हाची कोठी उपसली, कपाट रिकामं केलं. मग आईची नजर बाबांच्या गादीवर गेली.

“उसव.”

मी उसवली. नेमका त्याच वेळी कोणीतरी पंखा लावला. (मीच लावला. उकडत होतं.) दोन मिनिटांत आम्ही तिघंही ऐंशीच्या पुढचे दिसू लागलो.

गादीखाली एक लिफाफा होता. आत पैसे नव्हते; फंडाचं विवरणपत्र होतं. सुजाताने भुवयांवरचा कापूस काढत ते वाचलं.

“दादा, तू ‘री’ म्हंजे काय धरलं?”

“रिटर्न.”

“रीइन्व्हेस्ट हाय ते. लाभांश हाती आलाच नाही. तिथल्या तिथं त्याचे नवे युनिट घेतले. घरात एक रुपया नाही आला.”

“म्हंजे,” आईने हळूच विचारलं, “त्यायच्यापाशी खरंच नव्हते?”

“हाती नव्हते, आई. अन् नॉमिनी तू हायेस.”

आई त्या कापसातच खाली बसली. “अन् मी त्यायले भिताडाकडं तोंड करून ठेवलं, व माय.”

अमरावतीला परतल्यावर चपला काढायच्या आधी तिने फोटो सरळ केला, पदराने पुसला, मेणबत्ती लावली. “हा पोरगा नुसता पुस्तकातला हाय,” ती बाबांना म्हणाली. “याच्या भरोशावर मी तुमाले बोलली.”

मी सगळ्या नोंदी खोडून ‘पुनर्गुंतवणूक’ या रकान्यात पुन्हा भरल्या. युनिट आईच्या नावावर झाले. त्यातले थोडे विकून आम्ही सेमाडोहला जाऊन आलो. वाघ दिसला नाही, तरी आई खूश होती.

आता सॉफ्टवेअरमध्ये घरातली रोख शून्य आहे. माझ्या हिशेबावर आईचा भरवसाही तेवढाच आहे.