रंगवलेले डाग

विजेच्या मोटारी बनवणाऱ्या आमच्या कंपनीने कारखान्याच्या दारातच आपल्या पहिल्या शेडची हुबेहूब नक्कल उभारली आहे. काल तिथे एक पेंटर ब्रशने फरशीवर ऑइलचे काळे डाग रंगवत बसला होता.

"दादा, विजेच्या गाडीला एवढं ऑइल कुठलं?" मी विचारलं.

"जुनं दिसलं पाहिजे म्हणाले साहेब," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. त्या शेडमध्ये मी सहा वर्षं काढली. तिथे डाग पडायचे ते बॅटरीच्या ॲसिडचे, पांढरट आणि खरबरीत. एवढी मोठी झालेली कंपनी स्वतःचं लहानपण दुसऱ्या कुणाच्या तरी गॅरेजमधून उचलून आणते. खरे डाग हवे होते, तर बॅटऱ्या भरणाऱ्या शांतारामला विचारायचं. त्याच्या दोन्ही हातांवर ते अजून आहेत. उद्या उद्घाटन आहे, आणि त्याला साधं बोलावणंही नाही.