कढईत उरलेली भाजी

मी तिकडे उत्तरेत, हिंदी मुलखात, रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत. अंगातल्या रक्ताला लोह लागतं हे मला बायकोच्या आजारपणात कळलं. तोवर लोखंड म्हणजे इंजिन.

स्टेशनाचा पूल चढताना ती मध्येच थांबायला लागली. नखं पांढरी पडली. रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "खून बहुत कम है. खाती क्या हैं?"

आम्ही अंडं-मटण खात नाही, त्यावरून बोलतील असं वाटलं. मी घाईनं सांगितलं, बथुआ नावाचा तिकडचा चाकवत, मेथी, चणे, तीळ, सगळं.

"ठीक तो है. वही खिलाइए, ऊपर से नींबू. और खाने के साथ चाय नहीं."

गोळ्या दिल्या, त्यांनी तिचं पोट बिघडलं. तिनं सोडल्या. मग मी भाजीच्या मागे लागलो. क्वार्टरच्या मागे चौलाई पेरली, म्हणजे आपला माठ. लक्ष्मी गेटच्या बाजारातून बथुआ आणायचो, पिशवी भरून. ती लोखंडी कढईत भाजी करायची. चांगली करायची. मी दोनदा मागून घ्यायचो, मुलंही घ्यायची. दोन महिने झाले, रक्त होतं तिथंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाती हैं, आपने देखा है?"

"बनाती तो वही है."

"मैंने खाने का पूछा, भैया."

आमच्यात बायका मागून जेवायच्या. माझी आईही तशीच. पुरुष जेवून बाहेर बाजेवर जायचा. त्या दिवशी मी गेलो नाही, तिथंच बसलो.

ती म्हणाली, "अहो, झालं ना जेवण? पहारा कसला देताय?"

"तू जेव."

"तुम्ही उठा, मग जेवते."

मी हललो नाही. शेवटी तिनं कढई पुढे ओढली. तळाला पोळी फिरवली, लागलं तेवढं लागलं. बाकीची पोळी चहात बुडवून खाल्ली.

"भाजी कुठाय?"

"तुम्हाला आवडली ना."

मी ओरडलो, "रक्त माझं कमी आहे का तुझं?"

"तुमचं उतू चाललंय, दिसतंय की."

दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट आधी वाढायचं, असं ठरवलं. ती भिंतीकडे तोंड करून जेवायची, लाजून. लिंबू मी पिळायचो. चहा तासाभरानं. चौलाईचं दुसरं पीक आलं तेव्हा ती पूल न थांबता चढली. वर जाऊन मलाच म्हणाली, "या की लवकर."

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. तापानं गेली. भाजीचा त्यात संबंध नाही.

आता मीच करतो, त्याच कढईत. जेवताना तिच्या वाटची अर्धी भाजी कढईत ठेवून उठतो. अर्ध्यावर आली की हात आपोआप थांबतो. सकाळी बघतो तर लोखंडात राहून काळी पडलेली असते. ती असताना शिळं कधी खाल्लं नाही. आता खातो.