ओळखलं का?

आमच्या नात्यागोत्यात फोनवर कुणी आपलं नाव सांगत नसे. ‘ओळखलं का?’ एवढंच विचारायचं, पुढचं समोरच्याने बघायचं. नाही ओळखलं तर वर्षभर टोमणे. वडिलांना या खेळाची भारी हौस. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्मभर घरघर ऐकूनही आपले कान शाबूत आहेत, असं ते सगळ्यांना ऐकवत.

ते निवृत्त झाल्यावर एका दुपारी फोन आला. ‘मामा, ओळखलं का?’ वडील जरा चाचपडले. ‘नांदगावचा का रे?’ ‘हो मामा, तोच.’ झालं, भाचा आपणच पुरवला. आईला नाशिकला दवाखान्यात आणलंय, बूथवरून बोलतोय, मोबाइलचा बॅलन्स संपलाय, रिचार्जची कार्डं आणून ठेवा, असं तो म्हणाला. पुन्हा फोन आला तेव्हा वडिलांनी कार्डं नाण्याने खरवडून आकडे वाचून दाखवले. कुठला दवाखाना, हे विचारायचं राहून गेलं. घाबरून नांदगावला फोन लावला, तर तो आत्यानेच उचलला.

तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागले. नाव त्याला सांगू द्यायचं, आपण सुचवायचं नाही. दवाखाना, अपघात, घाई ऐकलं की फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर उलट लावायचा. कार्डावरचे आकडे कुणालाही द्यायचे नाहीत. नोकरी, स्वयंपाक, मुलांचे अभ्यास, आणि वर ही शिकवणी. सांगून सांगून मी कंटाळले. ते मुकाट्याने मान हलवत.

संक्रांतीला मी माहेरी गेले होते. वडिलांच्या शेजारीच बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. आत्याचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. ‘दादा, वळखलं का?’

वडील म्हणाले, ‘ठेव, मी लावतो.’ आणि त्यांनी नांदगावचा नंबर फिरवला.

‘माझा बी आवाज वळखत नाय का तू आता?’ आत्याने विचारलं. पुढे दोघं तिळगुळाचं काहीबाही बोलले. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, ‘बरोबर केलंत.’

‘ओळखला होता गं,’ ते म्हणाले. ‘पण हो म्हणायची भीती वाटली.’

मला फार वाईट वाटलं. पण शिकवलेलं परत कसं घ्यायचं?

उखाण्याशिवाय आत्याने कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्यानंतर मात्र भावाला फोन केला की ती आधी आपलं पूर्ण नाव सांगायची, मधल्या नावासकट, आणि मग तो बोलेपर्यंत थांबायची.