शोषखड्ड्यावरचा ओटा

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही परळची खोली सोडून काशीगावात एका छोट्या रो-हाउसमध्ये राहायला आलो. त्या घरातली एकच गोष्ट बाबांना मनापासून आवडली होती, ती म्हणजे मागची मोकळी जागा. चाळीत त्यांचा सगळा जन्म गॅलरीत वाळणाऱ्या दुसऱ्यांच्या चादरींखाली पेपर वाचण्यात गेला होता. आता त्यांना मागे टाइल्स लावलेला ओटा हवा होता, ओट्यावर खुर्ची, आणि खुर्चीत ते स्वतः.

अडचण एवढीच होती की त्या जागेखाली घराचा शोषखड्डा होता. आमच्या गल्लीत गटाराची लाइन आलेली नव्हती. संडासातलं पाणी आधी सेप्टिक टाकीत जायचं आणि तिथून भोकं पाडलेल्या पाइपांमधून मागच्या मातीत मुरायचं. घर विकणाऱ्याने जाताना बजावलं होतं, "इसके ऊपर कुछ बनाना मत." बाबांनी मान डोलावली होती. पण मान डोलावणं म्हणजे होकार असं बाबांनी कधीच मानलं नाही.

आई म्हणाली, "अहो, खाली काय आहे ठाऊक आहे ना?"

"खाली आहे ते खालीच राहणार," बाबा म्हणाले. "आपण वर बसणार."

ओटा झाला. माती ठोकून घट्ट केली, त्यावर जाड काँक्रीट, त्यावर चॉकलेटी टाइल्स. बाबा रोज संध्याकाळी तिथे बसू लागले. काही आठवड्यांनी संडासातून गुडगुड ऐकू यायला लागलं. बाबा म्हणाले, पाइपात हवा अडकलीय. मग वास यायला लागला. बाबा म्हणाले, खाडीचा वारा. त्या दिवशी वारा पडलेला होता.

अशातच ताईला बघायला विरारहून मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील. बाबांनी अर्थातच त्यांना ओट्यावर बसवलं. पोहे झाले, नोकरीची चौकशी झाली. मुलाचे वडील बाथरूमला जाऊन येतो म्हणाले. फ्लशचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग आतून अगदी शांत आवाजात, "जरा कोणी इकडे येता का?"

आम्ही धावलो. ते पँट दुमडून उलट्या बादलीवर उभे होते. पाणी उंबरा ओलांडून बाहेर येत होतं. त्याच वेळी ओट्यावर टाइल्सच्या फटींतून काळपट पाणी वर यायला लागलं आणि मुलाच्या आईच्या चपलांकडे निघालं. त्यांनी डिश न सोडता पाय वर घेतले.

"इथे खाली शोषखड्डा आहे का?" त्यांनी विचारलं.

"होता," बाबा म्हणाले.

"आमच्याकडे यांनी त्याच्यावर गाडी लावायला शेड बांधली होती."

"ते आता सांगायची गरज आहे का?" बादलीवरून आवाज आला.

ताई हसायला लागली. तिने दाबायचा प्रयत्न केला, पण मुलगाही हसत होता. उरलेले पोहे सगळ्यांनी पुढच्या दारी, रस्त्यावर उभं राहून खाल्ले. दोन दिवसांनी त्यांच्याकडून होकार आला.

लग्नाआधी ओटा फोडला. खालचे पाइप वजनाने चेपून चपटे झाले होते, ते बदलले. नवी खडी टाकली, वर नुसती माती. फोडाफोडी चालू असताना बाबा दिवसभर तिथेच उभे होते. मी चहा घेऊन गेले तर कप हातात धरून म्हणाले, "बसायला छान होतं पण." मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

गेल्या वर्षी बाजूच्या घरात नवे लोक आले आणि त्यांच्या मागच्या दारी टाइल्सची खोकी उतरली. बाबा समजवायला गेले. शेजारी म्हणाला, "अंकल, हमारा वाला अलग है." ओटा पुरा झाल्यावर त्याने बाबांना चहाला बोलावलं. हल्ली बाबा रोज संध्याकाळी तिकडेच असतात. वास येतोय का ते बघायला जातो, असं आईला सांगतात.