बांधावरची आपसूक ज्वारी

पेरणीआधीची कामं उरकत बांधावर पोचले, तर तिथे ज्वारीची दोन ताटं डुलत होती. मागच्या मळणीत सांडलेल्या दाण्यांतून आपसूक उगवलेली. मी हात घालताच थोरल्या जाऊबाई कळवळल्या, "अगं, पोटरीत आलीत, आत कणीस धरलंय! एवढी तरी राहू दे."

मी एकाचं पान उलटून दाखवलं. खाली माव्याचे बारीक किडे चिकटलेले, पानभर रोगाचे फिकट पट्टे. पेरलेलं उगवलं की हाच मावा रोग घेऊन तिकडे जाणार. कडबा जनावरं खातात म्हणून औषध मारायचं नाही, हे आमचं दोघींचंच ठरलेलं.

"मग दुसरं का उपटतेस? ते तर धडधाकट आहे."

"म्हणूनच. हे उपटलं की मावा त्याच्यावरच जाईल."

फवारा न मारणाऱ्याला लोक दयाळू समजतात. फवारा निदान तोंड फिरवून मारता येतो. इथे प्रत्येक जीव मुठीत धरावा लागतो, आणि मूळ माती सहज सोडत नाही.

बांधाच्या कडेला खड्डा खणून दोन्ही ताटं त्यात टाकली. जाऊबाईंनी वाकून धडधाकट ताटाची पोटरी सोलून पाहिली. आत कणीस होतं, कोवळं, ओलं. क्षणभर त्यांनी ते तळहातावर धरलं, मग खड्ड्यात टाकलं.

"ओढ माती," त्या म्हणाल्या.