शेवटच्या भेटीचे पैसे

ती घटना आठवली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. खरं तर ती माझ्या नोकरीतली नाहीच. महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त होऊन मी आयर्लंडला, एनिसमध्ये, डॉक्टर मुलीकडे राहायला आलो, तेव्हाची आहे. ना स्टेशन डायरी, ना पंच, ना गुन्ह्याची नोंद.

खबर दिली एका आईनं. जवळच्याच लिमरिक शहरात इंजिनिअर असलेल्या मुलाकडे कोल्हापूरहून आलेल्या बाई. मराठी मंडळाच्या जेवणात मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सायेब, पोराच्या हातावर सुया टोचल्याच्या खुणा हाईत. शनवार-रविवार घरात नसतोय. काय व्यसन लागलंय काय, बघा की."

खुणा कोपराच्या आतल्या बाजूला. माझंही मन तिकडेच गेलं. बुधवारी मायलेकांना घरी बोलावलं आणि बाईंना माझ्या मुलीबरोबर स्वयंपाकघरात धाडलं. चौकशीत माझी पद्धत एकच, आधी खाऊ घालायचं आणि मग गप्प बसायचं. समोरच्याचं गप्प बसणं भल्याभल्यांना सोसत नाही. कांदेपोह्यांच्या दुसऱ्या बशीला तो बोलला.

"काका, ड्रग्ज नाहीत हो. क्लिनिकल ट्रायल आहे. नवीन औषध निरोगी माणसांना देऊन बघतात. वीकेंडला तिथे राहायचं, ते ब्लड घेतात, पैसे देतात. एकदम लीगल, इथले लोक म्हणतात तसं सगळं ग्रँड, म्हणजे ठीक आहे. माझा जॉब गेलाय, आईला सांगितलं नाहीये."

मला हायसं वाटलं. बाईंना बाहेर बोलावलं आणि नोकरीचा विषय टाळून एवढंच सांगितलं, की सुया डॉक्टरांच्या आहेत, निरोगी माणसांवर प्रयोग चालतो. बाई मुलाकडे वळल्या.

"निरोगी? आन तुज्या फिटच्या गोळ्या? म्हनून मी आनलेल्या पाकिटांना हात लागला न्हाई व्हय रं?"

मग सगळं बाहेर आलं. त्याला कॉलेजपासून अपस्माराच्या फिट यायच्या. गोळ्या कोल्हापूरहून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून यायच्या, त्यामुळे इथल्या एकाही डॉक्टरच्या कागदावर त्या नव्हत्या. फॉर्मवर त्यानं आजार नाही, औषध नाही असं लिहिलं. रक्तात काही सापडू नये म्हणून पाच आठवडे गोळ्या बंद. बाईंना ओरडताही येईना. "कुनाला सांगू नगंस, स्थळं मोडतील, असं मीच शिकिवलंय त्याला," म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

खुनाचे कबुलीजबाब मी शांतपणे ऐकलेत. पण हे शांतपणे ऐकवेना. कारण त्याच्या गाडीची किल्ली टेबलावर होती. पोटात नवं औषध, फिटची गोळी नाही, आणि हा मुलगा मोटरवेवरून आईला शेजारी बसवून आला होता. मी किल्ली खिशात घातली.

"आत्ताच्या आत्ता त्यांना फोन कर."

"काका, फक्त एक व्हिजिट राहिलीय. निम्मे पैसे शेवटच्या व्हिजिटलाच मिळतात. मग लगेच गोळ्या चालू करतो, प्रॉमिस."

इतकं होऊनही तो हे बोलला! बाईंमागोमाग बाहेर आलेली माझी मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, वेळेचे आणि त्रासाचे पैसे द्यायलाच हवेत. पण मोठा घास शेवटी ठेवला, की माणूस मधून उठूच शकत नाही." नंबर तिनंच लावला. पलीकडच्या, ट्रायलच्या नर्सनं ऐकून घेतलं आणि बजावलं, गाडी चालवू नकोस, लगेच हॉस्पिटलला ये. झालेल्या भेटींचे पैसे मिळतीलच, असंही तिनं सांगितलं. तो लहान मुलासारखा रडला.

त्या संशोधनवाल्यांवर मी चार दिवस धुमसत होतो. मुलीला म्हणालोही, की यांना चांगलं खडसावलं पाहिजे. मग एक दिवस दाढी करताना आरशासमोर हात थांबला. पोलिसांच्या सीक्रेट फंडातून खबऱ्यांना पैसे मीही दिले होते, आणि तेही टोळी हाती लागल्यावरच. एक खबरी, दोन मुलींचा बाप, म्हणाला होता, "साहेब, त्यांना वास लागलाय. आता पुरे." मी म्हणालो, "आणखी एकदाच जा. मग सगळे एकदम देतो."

तो गेला. तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत मिळालं. 'स्वखुशीने गेला होता' असं मी कागदावर लिहिलं, आणि इतकी वर्षं मला ते खरं वाटत होतं.